टाचेचा नवस

सकाळी साडेसहाला व्हॅलेरियनने पलंगावरून उतरून उजवा पाय जमिनीला टेकला आणि तो ओरडला, "आई गं!"

स्वयंपाकघरातून इनेझचा आवाज आला, "झालं सुरू."

"काय सुरू झालं?"

"नाटक. लग्न तीन जानेवारीला आणि तालीम ऑक्टोबरपासून."

व्हॅलेरियन भिंत धरत, लंगडत स्वयंपाकघरात आला. टाचेच्या वर, मागच्या बाजूला, कोणीतरी चिमट्याने धरल्यासारखं दुखत होतं. तो खुर्चीत बसला आणि पाय पुढे करून म्हणाला, "बघ तरी. सूज आहे."

"तुझा पाय असाच आहे," इनेझ न बघताच म्हणाली. "अडतीस वर्षं बघतेय."

तिचंही फारसं चुकत नव्हतं. वसईतल्या त्यांच्या गावात लग्न म्हटलं की बँड आला आणि बँड आला की नाच आला. पण व्हॅलेरियन आजवर एकदाही नाचला नव्हता. स्वतःच्या लग्नात त्याला बूट चावला होता. बहिणीच्या लग्नात पित्त झालं. त्यानंतर पाठ, गुडघा, चष्मा, एकदा तर "जेवण फार झालं" असंही कारण झालं. दर लग्नात इनेझ म्हणायची, "चल ना रे एकदा," तो कारण सांगायचा, आणि मग ती घरी येऊनही बोलायची नाही. अशी बत्तीस-तेहतीस लग्नं झाली होती.

ऑगस्टमध्ये इनेझच्या भावाचा मुलगा ॲलिस्टर स्वतःच्या लग्नाचं सांगायला आला. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकल, ह्या वेळी सुटका नाय. तुम्ही आणि आत्या स्पेशल कपल. फ्लोअरवर फक्त तुम्ही दोघं. माइकवाल्या एमसीला नाव देऊन टाकलंय मी."

त्या दिवशी व्हॅलेरियनला काय झालं कोण जाणे. बांगड्याचं कालवण चांगलं झालं होतं, एवढंच कारण असेल. तो म्हणाला, "नाचू की."

इनेझ काहीच बोलली नाही. आनंदाने तिची वाचा गेली असेल, असं व्हॅलेरियनला वाटलं.

आणि आता हे दुखणं. दुखण्याचा स्वभावही असा की कोणाचा विश्वास बसू नये. सकाळी उठल्यावर पहिली वीस पावलं टाकताना जीव जायचा. पण चहा-नाश्ता होऊन तो जरा फिरला की पाय मोकळा व्हायचा. दहा वाजता तो शेजारी स्टॅनीकडे गप्पा मारायला सरळ चालत जायचा. संध्याकाळी पुन्हा लंगडत यायचा.

"सकाळी लंगडा, दहाला चांगला, सातला परत लंगडा," इनेझ म्हणायची. "दुखणं आहे का गाडीचं टाइमटेबल?"

स्टॅनीने रुईचं पान गरम करून बांधायला सांगितलं. ते बांधून दोन दिवस गेले. मग त्याने गरम विटेचा शेक सांगितला. विटेने चटका बसला, म्हणजे आता पाय दोन ठिकाणी दुखायला लागला. मग स्टॅनी म्हणाला, "मला वाटतं तुझ्या टाचेत काटा मोडलाय."

"टाचेत नाही दुखत. टाचेच्या वर दुखतं."

"काटा वर चढला असेल."

व्हॅलेरियन उठलाच. सातिवलीच्या एका रबराच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं सुपरवायझरकी केली होती. समोरचा माणूस काही माहीत नसताना बोलतोय, हे त्याला लगेच कळायचं. अडचण एवढीच होती की घरी त्याच्याबद्दलही तसंच समजलं जात होतं.

शेवटी स्टॅनीची सून एलिसा मदतीला आली. ती फिजिओथेरपिस्ट होती. तिने त्याला पालथं झोपवलं, पोटरीपासून टाचेपर्यंत बोटं फिरवली आणि एका जागी दोन बोटांनी दाबलं. व्हॅलेरियन असा ओरडला की मागच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

"अंकल, हे अकिलीस टेंडन," ती म्हणाली. "पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारा दोर समजा. तो तुटलेला नाही. वैतागलाय फक्त."

"मीही."

"महिन्याभरात नवीन काय केलंत? पळालात? चालणं वाढवलंत?"

व्हॅलेरियनने दाराकडे बघितलं. स्टॅनी बाहेर होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "नाच केला."

"कुठे?"

"गच्चीवर. इनेझ वाडीत गेली की. मोबाइलवर बघून. लग्नाचे बूट घालून रोज एक तास. आयुष्यात एकदा तिला दाखवावं म्हटलं. पण कुणाला सांगू नकोस."

एलिसाने तोंडावर हात ठेवला. "साठीनंतर, कडक बूट घालून, एकदम रोज तासभर चवड्यांवर? अंकल, दोराने तक्रार करायची नाही तर काय करायचं?"

"गोळी दे मग."

"गोळीने दुखणं दबेल, दोर बळकट होणार नाही."

"इंजेक्शन?"

"त्याचं नावही काढू नका."

"म्हणजे आराम."

"नुसता आरामही नाही. दोर पडून राहिला तर आणखी कमजोर होतो. त्याला थोडा थोडा भार द्यायचा." तिने त्याला पायरीवर उभं केलं. चवडे पायरीवर, टाचा बाहेर हवेत. दोन्ही पायांनी चवड्यांवर वर जायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधरा वेळा, असं तीनदा. मग गुडघा वाकवून पंधरा वेळा, तेही तीनदा. सकाळ-संध्याकाळ. "थोडं दुखेल. दहापैकी चार मार्कांपर्यंत दुखलं तर चालेल. त्याच्या वर गेलं की थांबायचं. बुटात टाचेखाली पातळ गादी घाला. आणि बारा आठवडे धीर धरा."

व्हॅलेरियनने बोटांवर मोजलं. बारा आठवड्यांनी बरोबर लग्न येत होतं.

आता प्रश्न पायरीचा होता. घराच्या पुढच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या होत्या, गुळगुळीत, आणि धरायला कठडा नव्हता. गच्चीच्या जिन्याला कठडा होता, पण त्याच्या प्रत्येक पायरीवर इनेझने मसाल्याच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या आणि लग्नासाठी आणलेली भांडी मांडली होती. तिथे तो एकदा उभा राहिला आणि एक बरणी गडगडली.

"तुझ्या नाटकात माझं लोणचं कशाला?" इनेझने विचारलं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गावाचा क्रूस होता. सिमेंटचा चौथरा, तीन खरखरीत पायऱ्या आणि भोवती तरुण मंडळींनी बसवलेलं लोखंडी रेलिंग. पायरीची उंची बरोबर, रेलिंग मजबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला व्हॅलेरियन तिथे गेला, क्रुसाला नमस्कार केला, रेलिंग धरलं आणि टाच खाली सोडली.

मोजण्यात गोंधळ व्हायचा. आठ झाले की नऊ, हे दुखण्याच्या नादात कळायचं नाही. म्हणून तिसऱ्या दिवसापासून त्याने खिशातली रोझरीची माळ हातात घेतली. एका वेळेला एक मणी. दहा मणी आणि वर पाच. हिशेब चुकायचा बंद झाला.

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना. संध्याकाळी सातला गल्लीतली बायका-माणसं क्रुसाजवळ माळेच्या प्रार्थनेला जमायची. व्हॅलेरियन त्यांच्या आधी उरकून निघायचा. पण एका संध्याकाळी उशीर झाला. गुडघा वाकवायचे पंधरा बाकी होते. मंडळी आली, तेव्हा त्यांना दिसलं ते असं: ज्याला रोझरीला आणायचं तर बायकोला दहा हाका माराव्या लागतात, तो व्हॅलेरियन क्रुसासमोर एकटाच, हातात माळ, पुन्हा पुन्हा गुडघा वाकवतोय, आणि डोळ्यांत पाणी.

सगळे मागेच थांबले. त्याचं संपल्यावर पलीकडच्या घरातली रोवेना पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "व्हॅली अंकल, नवस?"

"नाही गं, व्यायाम."

"हो हो," रोवेना म्हणाली. "सांगायचा नसतो."

"अगं, टाच दुखते माझी."

"दुखणारच. मन दुखलं की सगळंच दुखतं."

व्हॅलेरियनने बूट घातले आणि घर गाठलं. पण गोष्ट तिथे राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रोवेना क्रुसाजवळ आधीच येऊन उभी होती.

"अंकल, माझ्या मुलीचा न्यूझीलंडचा व्हिसा अडकलाय. तुमच्या नवसात तिचंपण नाव घ्या ना."

"माझा नवसच नाही तर नाव कशात घेऊ?"

"एवढं तरी करा अंकल. शेजारी ना आपण?"

तिला घालवायचा दुसरा मार्ग नव्हता. "बरं, घेतो," व्हॅलेरियन म्हणाला. चौथ्या दिवशी व्हिसा आला.

त्या दिवसापासून व्हॅलेरियनचं जगणं अवघड झालं. सकाळी सहाला दोन जण, संध्याकाळी पाच जण. कोणाच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, कोणाची म्हैस दूध देत नव्हती, कोणाच्या भावाचा चिंचोटीजवळचा प्लॉट विकला जात नव्हता. तो प्रत्येकाला सांगायचा की हा फिजिओथेरपीचा व्यायाम आहे. लोक मान हलवायचे. जाताना म्हणायचे, "एवढा साधा माणूस. स्वतःकडे मोठेपणा घेतच नाही."

रोवेनाने तर मोजायचं काम आपल्याकडेच घेतलं. तिने एक नवीन शोध लावला की प्रत्येक मागणीला वेगळे पंधरा पाहिजेत.

"अंकल, हे झाले तुमचे. आता पंधरा म्हशीचे."

"मी म्हशीचे का करू?"

"शू! ती बाई तिकडे उभी आहे. ऐकेल."

व्हॅलेरियन म्हशीचे पंधरा करायचा. मग प्लॉटचे. मग लग्नाचे. तिसऱ्या आठवड्यात टाचेचं दुखणं चार मार्कांवरून सात मार्कांवर गेलं आणि तो एलिसाकडे पोचला.

"किती करताय?" तिने सूज बघून विचारलं.

"एका वेळेला माझे नव्वद आणि गावाचे दीडशे."

सगळं ऐकून एलिसाने कपाळाला हात लावला. "अंकल, म्हशीच्या दुधासाठी तुमचा टेंडन तुटेल. चार दिवस बंद. मग पुन्हा निम्म्यापासून. आणि दुसऱ्या कोणाचं एकही करायचं नाही. नाही तर लग्नात काठी घेऊन जाल."

व्हॅलेरियन चार दिवस क्रुसाकडे गेला नाही. त्याचा परिणाम असा झाला की रोवेनाने इनेझला गाठलं. इनेझ तुळिंजच्या बाजारातून लग्नाच्या साडीला फॉल लावून परत येत होती.

"इनेझ आंटी, अंकलनी नवस का बंद केला? पावला का त्यांचा?"

"कसला नवस?"

रोवेनाने सगळं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ, माळ, गुडघा, अश्रू. आपण काही तरी खासगी सांगून बसलो हे कळून ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं? मग सॉरी हां."

इनेझ घरी आली. पिशवी टेबलावर ठेवली. व्हॅलेरियन टाचेवर बर्फ धरून बसला होता.

"तीन आठवडे क्रुसाजवळ जाऊन नवस करतोस?"

"नवस नाही गं बाई!"

"कळला मला. लग्नात नाचायला लागू नये म्हणून देवाला मध्ये घातलंस. आतापर्यंत निदान पित्त पुरायचं तुला."

"अगं, उलट! नाचता यावं म्हणून करतोय!"

"मग पाय दुखतोय का नाही दुखत?"

"दुखतोय! नाच केला म्हणून दुखतोय!"

"कोणी नाच केला?"

"मी."

"कुठे?"

"गच्चीवर."

"कोणाबरोबर?"

"एकट्याने."

इनेझने साडीची पिशवी टेबलावरून उचलली. "व्हॅली," ती म्हणाली, "तुझं आतापर्यंतचं सगळ्यात वाईट कारण आहे हे."

व्हॅलेरियनने बर्फ बादलीत टाकला आणि तसाच लंगडत जाऊन एलिसाला बोलावून आणलं. एलिसाने इनेझसमोर त्याला पालथं झोपवलं, टाचेवरची जाड झालेली जागा दाखवली आणि दोन बोटांनी दाबली. तो ओरडला.

"मी दाबून बघू?" इनेझने विचारलं.

"दाबा ना आंटी, पण हळू..."

हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत व्हॅलेरियन पुन्हा ओरडला. पहिल्यापेक्षा जोरात. इनेझने हात मागे घेतला. तिचा चेहरा एकदम बदलला.

"म्हणजे खरंच?" ती म्हणाली. "हा खरंच गच्चीवर नाचत होता? खरंच नाचणार आहे?"

"हो आंटी. डिसेंबरपर्यंत नीट केलं तर शंभर टक्के नाचतील."

"शंभर टक्के?"

"शंभर."

इनेझ मटकन खुर्चीत बसली. आता तरी विश्वास बसला, म्हणून व्हॅलेरियनला बरं वाटलं.

एलिसाने रोवेनाला काय सांगितलं ते तिलाच माहीत, पण क्रुसाजवळची गर्दी ओसरली. व्हॅलेरियन पुन्हा निम्म्यापासून सुरू झाला. नोव्हेंबर गेला. सकाळची वीस पावलं दहावर आली, मग चारवर. डिसेंबरमध्ये तो पाठीवर पिशवीत पाच किलो तांदूळ घेऊन व्यायाम करत होता, कारण एलिसाने आता वजन वाढवायला सांगितलं होतं.

पण जसजसा पाय बरा होत गेला, तसतशी इनेझ चमत्कारिक वागायला लागली. जी बाई तीन महिन्यांपूर्वी पायाकडे बघत नव्हती, ती आता दहा वेळा विचारायची, "दुखतं का रे?"

"नाही."

"थोडंसं तरी?"

"अजिबात नाही."

"आतून दुखत असेल. तुला कळत नसेल. राहू दे नाच. आपलं काय वय आहे का?"

"तू अडतीस वर्षं मागे लागली होतीस!"

"माणूस सांगतो एकेक. मनावर घ्यायचं नसतं सगळं."

आपल्याला त्रास होऊ नये म्हणून ही मन मारतेय, असं व्हॅलेरियनने स्वतःला समजावलं आणि तांदूळ सहा किलो केले. नाताळात तिने त्याला नवीन चप्पल आणली, कडक बूट घालू नयेत म्हणून. त्याने ती बाजूला ठेवली आणि बुटाला पॉलिश केलं.

तीन जानेवारीला संध्याकाळी ॲलिस्टरचं लग्न थाटात झालं. केक कापला, पेले उंचावून टोस्ट झाला, नवरा-नवरी नाचले. मग एमसीने माइक हातात घेतला.

"आणि आता आपलं स्पेशल कपल! लग्नाला अडतीस वर्षं! अंकल व्हॅलेरियन आणि आंटी इनेझ! फ्लोअर मोकळा करा, फक्त दोघंच!"

टाळ्या पडल्या. बँडने संथ सुरावट धरली. व्हॅलेरियन उठला, कोट सारखा केला आणि हात पुढे केला. इनेझ उठली. दोघं फ्लोअरच्या मध्यभागी गेले. त्याने एक हात तिच्या कमरेवर ठेवला, दुसऱ्या हातात तिचा हात घेतला. हात गार पडला होता.

"मी एक-दोन-तीन म्हणतो," तो म्हणाला. "तू डावा पाय मागे घे."

"व्हॅली," इनेझ ओठ न हलवता म्हणाली, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"नाच."

व्हॅलेरियनला वाटलं बँडमुळे नीट ऐकू आलं नाही. "पण तूच तर अडतीस वर्षं..."

"तू नाहीच म्हणणार हे माहीत होतं ना मला."

"मग घरी येऊन न बोलता बसायचीस ती?"

"न बसून कसं चाललं असतं? लोकांना काय वाटलं असतं?"

बँड वाजत होता. दोन-तीनशे माणसं बघत होती. काहींनी मोबाइल वर धरले होते. इनेझने एकदा चहूकडे बघितलं, मग व्हॅलेरियनचा हात सोडला, सरळ एमसीकडे गेली आणि त्याच्या हातातला माइक घेतला.

"माफ करा हां सगळ्यांनी," ती म्हणाली. "मला फार नाचायचं होतं. पण ह्याची टाच. तीन महिने झाले. अकिलीस. किती सहन करतो बिचारा, बोलून दाखवत नाही."

सगळ्या मांडवातून "अरेरे" असा आवाज आला.

"माझी टाच बरी आहे!" व्हॅलेरियन ओरडला.

"बघा," इनेझ माइकवर म्हणाली. "असा आहे स्वभाव."

रोवेना डोळे पुसत धावली. स्टॅनीने खुर्ची आणली. व्हॅलेरियनने टाच बरी आहे हे दाखवायला एका पायावर उडी मारली, तर चार जणांनी मिळून त्याला धरलं. "अंकल, आमच्यासाठी जीव काढू नका," ॲलिस्टर नवरदेवाच्या सुटात म्हणाला. व्हॅलेरियनने गर्दीत एलिसाला शोधलं. खरं काय ते तिला माहीत होतं.

"एलिसा, सांग ह्यांना! पाय बरा आहे ना?"

एलिसाने त्याच्याकडे बघितलं. मग इनेझकडे बघितलं. इनेझ तिच्याकडे बघत होती.

"अंकल," एलिसा म्हणाली, "तुम्ही जरा बसा."

त्याला बसवलं. समोर दुसरी खुर्ची ठेवून पाय वर केला. कोणीतरी थंड पेयांच्या टबातला बर्फ रुमालात बांधून आणला आणि चांगल्या टाचेवर ठेवला. बाकीची जोडपी फ्लोअरवर आली. इनेझ त्याच्या शेजारी येऊन बसली. येणारा जाणारा तिला म्हणत होता, "आंटी, वाईट वाटलं हां तुमच्यासाठी," आणि ती मान हलवत होती.

"बर्फ फार गार लागतोय का?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"बर्फ गारच असतो."

"रागावलास?"

व्हॅलेरियनने बर्फाचा रुमाल जरा बाजूला सरकवला. बँडने जलद गाणं सुरू केलं. टेबलाखाली इनेझचा पाय ताल धरायला लागला. तो त्या पायाकडे बघत राहिला. ताल चुकत होता. एकदा नाही, प्रत्येक वेळी चुकत होता. अडतीस वर्षांच्या संसारात तिची एक पक्की चूक पहिल्यांदाच त्याच्या हाती लागली होती, आणि ती कोणाला सांगितली असती तर एकाचाही विश्वास बसला नसता.